पंचेचाळीस मिनिटांचं अंतर

१

बिश्केकच्या बाजारात दक्षिणेतल्या ओशच्या माणसाला घर किती लांब म्हणून विचारलं, की दोन उत्तरं मिळतात. ट्रकने माल आणणारा म्हणतो, बारा तास आणि दोन खिंडी, तेही बर्फ नसेल तर. विमानाने जाणारा म्हणतो, पाऊण तास. आमच्या गल्लीत यावर एक जुना किस्सा आहे. एकाच घरचे दोन भाऊ एकाच सकाळी ओशला निघाले, एक ट्रकने, एक विमानाने. ट्रकवाला दुसऱ्या दिवशी घरी पोचून गरम सूप ओरपत बसला होता, तेव्हा विमानवाला बिश्केकच्याच विमानतळावर धुकं ओसरायची वाट बघत होता. किस्सा संपला की सांगणारा हमखास विचारतो, मग लांब कोण राहत होतं?

एर्गेशला हा किस्सा मुळीच आवडत नसे. त्याच्या दुकानाचा कंटेनर गल्लीच्या तोंडाशी होता, आणि दाराला आतून एक कागद चिकटवलेला होता, मॉस्कोला राहायला जाण्याआधी लेकीने छापून दिलेला. बिश्केक विमानतळ ते ओश विमानतळ, हवाई अंतर तीनशे किलोमीटर, उड्डाणाचा वेळ पंचेचाळीस मिनिटं. कोणी घरचा विषय काढला की तो त्या कागदावर बोट ठेवायचा, जसं काही ते अंतर त्यानेच घासाघीस करून कमी करून घेतलं होतं.

थर्मासचा घाऊक व्यापारी तो. वय बावन्न, पोट सुटलेलं, जीभ गोड. बायको मॉस्कोला लेकीच्या बाळंतपणाला गेली ती तिकडेच रमली होती. आई मात्र ओशच्या कडेला, विमानतळाजवळच्या वस्तीत. तिला तो आपा म्हणायचा, आणि एकुलता एक मुलगा असल्यामुळे तिची वाट बघणंही त्याच्या एकट्याच्याच नावावर होतं. फोनवर त्याचं वाक्य ठरलेलं असे, "पंचेचाळीस मिनिटांचा तर रस्ता, आपा. तू चहा ओत, निवायच्या आत पोचतो."

आपाने त्यावर व्यापाऱ्याच्या आईला शोभेलसा तोडगा काढला होता. ती चहा पेल्यात ओतेचना. त्यानेच पाठवलेल्या लाल थर्मासात भरून ठेवायची. "चोवीस तास गरम राहतो म्हणून तूच गिऱ्हाइकाला सांगतोस," ती म्हणायची, "घे, तुला एक दिवसाची सवड."

शेजारच्या कंटेनरमध्ये रजया विकणारी झैनाप हे ऐकून म्हणाली होती, "तीन महिने गरम राहणारा थर्मास आला की आधी म्हातारीला पाठवा, आके." आके म्हणजे दादा. ती त्याला दादा म्हणूनच टोचायची.

मार्चमध्ये नौरोझचा सण उरकून तो ओशहून परत निघाला, तेव्हा दारात टॅक्सी भोंगा वाजवत होती आणि त्याच्या कानाला फोन होता, कारण नव्या मालात झाकणं कमी निघाली होती. आपा नान घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. आमच्याकडे घरचा माणूस लांब निघाला, की त्याने ताज्या नानचा एक घास दातांनी तोडायचा. उरलेला नान भिंतीवर टांगून ठेवतात, आणि परत आल्यावर तो त्यानेच संपवायचा. नान वाट बघतो म्हणून माणूस परततो. फौजेत जाणाऱ्यासाठी करतात, रशियात मजुरीला जाणाऱ्यासाठी करतात. पाऊण तासासाठी कोणी करत नाही. आपा करायची.

एर्गेशने फोन खांद्याने दाबून धरला, नानला नुसते ओठ टेकवले आणि गाडीत बसला. मागच्या काचेतून त्याला दिसलं, आपा नान उलटसुलट करून घास कुठे तोडला ते शोधत होती.

२

एप्रिलात त्याने पुढचा दात लावून घेतला. बाविसाव्या वर्षी ट्रकच्या फळीवर आपटून तो अर्धा तुटला होता, आणि तीस वर्षं तसाच होता. त्या दातामुळे काहीही चावलं की मधोमध एक कंगोरा उरायचा, आणि बोलताना शब्दांतून बारीक शीळ निघायची. आपाला ती शीळ आवडायची. अंगणात कितीही माणसं असली तरी माझा मुलगा मला न बघता ओळखू येतो, असं म्हणायची. आता त्या जागी सोनं बसलं. झैनापने निरखून पाहिलं आणि म्हणाली, आता तोंडसुद्धा थर्माससारखं घट्ट झालं, वाफ बाहेर येत नाही.

जूनमध्ये एका शुक्रवारी दुपारी आपाचा फोन आला.

"बरा पोचलास ना?"

"कुठे पोचलो?"

"बिश्केकला. काल इथून निघालास ना."

एर्गेश हसला. त्याच्यापुढे जलालाबादचं एक गिऱ्हाईक बसलेलं होतं, म्हणून त्याने हसू जरा मोठंच केलं. आपा मात्र मजेत बोलत राहिली. पोटभर जेवलास, म्हणाली. नानही खाल्लास थोडा. तो दात तेवढा लावून घेऊ नकोस रे, इतकी वर्षं ठेवलास तसाच राहू दे.

एर्गेशची जीभ आपसूक सोन्यावर गेली. त्याने आईला दाताचं सांगितलेलं नव्हतं.

आणि मग त्याला आपाच्या बोलण्यामागे एक आवाज ऐकू आला. खूप दिवसांच्या वाळलेल्या नानचा तुकडा दाढेखाली मोडावा तसा. एकदा. मग थांबून, सावकाश, आणखी एकदा.

"कोण आहे तिथे?" त्याने विचारलं.

"कोण असणार?" आपा म्हणाली, आणि हसली.

संध्याकाळी त्याने बहिणीला फोन लावला. अनारकान त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान, नवरा वारल्यापासून आईजवळच राहायची. दिवसा शाळेच्या स्वयंपाकघरात असे, घरी यायला चार वाजत. तिने सांगितलं, आपाचं डोकं ठिकाणावर आहे. कोंबड्या बरोबर मोजते, नमाजाची वेळ चुकत नाही. मग म्हणाली, "फक्त कधी कधी मी येते तेव्हा धुवायला दोन पेले असतात."

"शेजारी येत असतील."

"येत असतील," अनारकान म्हणाली.

३

एर्गेश हिशेबी डोक्याचा माणूस. माल बघितल्याशिवाय त्याने कधी भाव सांगितला नाही. ऑगस्टात एका दिवसाची सवड काढून तो ओशला गेला, सकाळच्या विमानाने जाऊन संध्याकाळच्या विमानाने परत, असा बेत करून.

आईच्या गल्लीच्या तोंडाशी बाकावर मामाशारीप बसला होता. वस्तीतला सगळ्यांत वडीलधारा, आक्साकाल. तीस वर्षं विमानतळावर इंधनाची गाडी चालवलेला, त्यामुळे डोक्यावरून विमान गेलं की ते कुठून आलं आणि किती उशिरा आलं हे मान वर न करता सांगायचा. एर्गेशने वाकून सलाम केला. म्हाताऱ्याने हात सैलच दिला.

"गुरुवारी राग आला होता मला तुझा," तो म्हणाला. "समोरून गेलास. सलाम नाही, काही नाही. म्हटलं, शहरात पैसा झाला."

"गुरुवारी मी बाजारात होतो, आक्साकाल."

म्हाताऱ्याने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "गुरुवारी हा दात तुटलेला होता," एवढंच म्हणाला आणि पुढचं विमान ऐकू लागला.

घरी आपा अंगणातल्या लाकडी चौथऱ्यावर बसलेली होती. तिने मुलाला जवळ घेतलं, कपाळाचा वास घेतला आणि हात जरा लवकरच सोडले. सोन्याच्या दाताकडे बघून तिचा चेहरा उतरला. मग तिने लाल थर्मास उघडून चहा ओतला. आमच्याकडे आपल्या माणसाला पेला अर्धाच भरून देतात. लवकर संपतो, पुन्हा भरता येतो, माणूस बसून राहतो. काठोकाठ भरलेला पेला पुढे आला, की शहाण्याने आपली टोपी शोधावी. त्या दिवशी पेला अर्ध्याच्या बराच वर भरलेला होता. एर्गेशने तो पाहिला आणि स्वतःला सांगितलं, हात थरथरतात तिचे.

आपा कोंबड्यांना दाणे टाकायला गेली, तेव्हा तो आत शिरला. दाराजवळच्या खिळ्याला पांढऱ्या फडक्यात मार्चमधला नान टांगलेला होता. ज्याला त्याने नुसते ओठ टेकवले होते. त्याने फडकं सोडलं.

तीन घास तोडलेले होते. प्रत्येक घासाच्या मधोमध कंगोरा होता.

त्याने ताज्या नानचा तुकडा घेऊन हात धुवायच्या जागी जाऊन चावून बघितला. कड सरळ आली. दुसऱ्यांदा चावला, तरी सरळ. मग तो तिथेच उभा राहून विचार करू लागला. ओशमध्ये तुटक्या दाताचे पुरुष किती असतील? अर्धं शहर. त्यातला एखादा भुकेला, गोडबोल्या, म्हातारीला एकटी बघून घरात शिरत असेल. असं होतं. बाजारातल्या त्याच्याच गल्लीत एकदा एक माणूस मेलेल्या भागीदाराचा भाऊ म्हणून आठवडाभर जेवून गेला होता. या विचाराने एर्गेशला बरं वाटलं. चोराला कुलूप असतं.

त्याने आपाला विचारलं, तो येतो तेव्हा काय काय करतो? आपाने प्रश्न ऐकला, पण त्यातला 'तो' तिच्यापर्यंत पोचला नाही. "बसतोस," ती म्हणाली. "निघायची घाई करत नाहीस. आणखी काय करायचं असतं?"

निघताना तो उंबऱ्यात थांबला. फोन मुद्दाम खिशात ठेवला होता. आपा तशीच उभी राहिली, हात रिकामे. त्याने शेवटी स्वतःच विचारलं, नान?

"एका मुलाचे दोन नान टांगत नाहीत," ती म्हणाली.

४

त्यानंतर आपाचे फोन कमी झाले. आले तरी त्यात कधी येतोस हा प्रश्न नसे. पंधरा वर्षं त्या प्रश्नाने एर्गेशला हैराण केलं होतं. ऐन गर्दीत, ऐन सौद्यात तो यायचा. आता तो प्रश्नच गेला, आणि एखादं जुनं दुखणं एका सकाळी नाहीसं व्हावं तसा त्याला हलकेपणा आला. आधी हलकेपणा आला, भीती नंतर आली, हे त्याला पुढे फार आठवलं.

सप्टेंबर म्हणजे थर्मासच्या धंद्याचा मोसम. खेड्यापाड्यांतून गिऱ्हाइकं येतात, दिवसाला तीन ट्रक रिकामे होतात. दरवर्षी याच दिवसांत आईच्या घरचा कोळसा भरायचं काम असे, आणि दरवर्षी ते तो पुढच्या आठवड्यावर ढकलत असे. त्या वर्षीही तो फोन करून पुढच्या आठवड्याचं सांगणार होता. पण आपाच आधी बोलली.

"परवा येऊन कोळसा भरून दिलास ते बरं झालं. अनारकानच्या पाठीत दुखतं आताशा. सगळा आत रचलास, वर ताडपत्री घातलीस."

कंटेनरसमोर दोन गिऱ्हाइकं उभी होती. एक ट्रक मागे घेत होता, झैनाप त्याच्यावर ओरडत होती. नाही म्हणायचं तर तिकीट काढावं लागलं असतं, त्याच दिवशी, त्याच तासाला. हो म्हटलं तर काहीच करावं लागणार नव्हतं. कोळसा तर भरलेलाच होता. व्यापाऱ्याला आयता फायदा ओळखायला फार वेळ लागत नाही.

"हो आपा," एर्गेश म्हणाला. "भरला ना मी. पुरेल हिवाळाभर."

फोनमध्ये त्या वेळी तो आवाज चालूच होता, वाळका नान सावकाश मोडत असल्याचा. एर्गेशचं वाक्य संपलं आणि आवाज थांबला. कुणीतरी खाताखाता मान वर करून ऐकावं, तसा थांबला.

त्या संध्याकाळी अनारकाननेही फोन केला. न सांगता आलास, मला भेटलाही नाहीस, म्हणाली, पण आवाजात राग नव्हता. कोळसा अगदी लहानपणी रचायचास तसा रचलायस, मोठे तुकडे बाहेर, बारीक आत. तिचंही एर्गेशने खोडून काढलं नाही.

५

नोव्हेंबरात, मंगळवारी सकाळी साडेआठला, अनारकानचा फोन आला.

"आके, आपाला जरा बरं नाही. ये."

आमच्याकडे मरणाची बातमी लांबच्या माणसाला फोनवर सांगत नाहीत. तो वाटेत एकटा असतो, त्याला धरायला कोणी नसतं. म्हणून 'जरा बरं नाही' म्हणतात. घरी पोचला की चार वडीलधारे त्याला मध्ये घेऊन मग सांगतात. या 'जरा'चं वजन ओशपासून बिश्केकपर्यंत प्रत्येकाला ठाऊक आहे. एर्गेशने कंटेनरचं दार ओढून घेतलं. झैनापने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि टोमणा न मारता कुलूप लावायला हात दिला.

दार लावताना आतला कागद दिसला. त्यावर विमानतळापासून विमानतळापर्यंतचं अंतर छापलेलं होतं. इतकी वर्षं तो कागद वाचून, त्यात दारांचा उल्लेख नाही हे त्याला आज दिसलं.

विमानतळावर धुकं होतं. सकाळचं विमान धुकं उतरायच्या जरा आधी निघून गेलं होतं, पुढच्याची वेळ कोणी सांगत नव्हतं. नऊ वाजले, अकरा वाजले. काचेपलीकडे शेपटीसुद्धा दिसत नव्हती. लांब गेलेला मुलगा पोचेपर्यंत मयत थांबवतात, पण दक्षिणेत फार थांबवत नाहीत. दुपारच्या नमाजानंतर नेतात. तो घड्याळ बघत राहिला आणि मनात रस्त्याचे तास मोजत राहिला. मार्चपासून ट्रकनेच निघत राहिला असता, तरी किती वेळा जाऊन आला असता.

दीडला खिडकी उघडली. खिडकीतल्या मुलीने त्याचा पासपोर्ट घेतला, यादी बघितली, परत पासपोर्ट बघितला.

"सकाळच्या विमानातही एर्गेश मामातोव होते," ती म्हणाली. "बारा नंबरची रांग, खिडकीजवळ. हेच गाव. तुमचे कोणी?"

हा शेवटचा प्रसंग होता, जेव्हा त्याला काही बोलता आलं असतं. पण मागे रांग होती, मुलगी घाईत होती, आणि एर्गेशला फक्त बसायला जागा हवी होती.

"नाही," तो म्हणाला. "माझं कोणी नाही."

६

या दोन शहरांमध्ये दिवसभर एकच विमान खेपा घालतं. जातं, रिकामं होतं, पुन्हा भरून येतं. एर्गेशला बारा नंबरच्या रांगेत खिडकीजवळची जागा मिळाली. बसताना त्याला दिसलं, सीटवर नानचे कण सांडलेले होते.

नानचा कण पायदळी जाऊ द्यायचा नाही, हे आमच्या हाडात असतं. लहान मूलसुद्धा रस्त्यातला तुकडा उचलून कपाळाला लावतं. एर्गेशने कण वेचले, कपाळाला लावले आणि सवयीनेच तोंडात टाकले. दाताखाली काळ्या तिळाची चव आली, आणि मागून किंचित धुराची. त्यांच्या तंदूरच्या डाव्या भिंतीला भेग होती, तिथून धूर यायचा. तिथल्या नानला ती चव लागायची. दुसऱ्या कुठल्याही नानला नाही.

थुंकायचं कसं? नान थुंकत नाहीत. त्याने गिळला.

विमान धुक्यातून वर आलं. खाली डोंगरांची नुसती टोकं उरली होती. त्याने घड्याळ लावून बघितलं, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. शेजारची बाई झोपी गेली. सीटचा हात अजून उबदार होता. इंजिनाच्या आवाजाखाली त्याला तो आवाज ऐकू आल्यासारखा वाटला, मोडण्याचा, सावकाश. मग कळलं, त्याचेच दात एकमेकांवर आपटत होते.

चाकं जमिनीला लागली तेव्हा बरोबर पंचेचाळीस मिनिटं झाली होती. पंधरा वर्षांत कागद एकदाही इतका खरा ठरला नव्हता.

त्याने उतरताउतरता अनारकानला फोन लावला. तिने उचलला. मागे रडण्याचे आवाज होते.

"मी उतरलो," तो म्हणाला. "दहा मिनिटांत येतो."

"कोण बोलतंय?" अनारकानने विचारलं. आवाज रडून बसलेला होता, पण प्रश्न सरळ होता. "दादा इथे उभा आहे. त्याला देऊ का?"

एर्गेशने फोन बंद केला.

७

गल्लीत पुरुषांची रांग होती. अंगणात लोकरी नमद्याचा तंबू उभारलेला होता, आतून बायकांचा विलाप येत होता. तंबूच्या दाराशी, रीतीप्रमाणे, मुलगा उभा होता. कमरेला पट्टा बांधलेला, दोन्ही हात काठीवर, पाठ वाकलेली, पांढरी टोपी कपाळावर ओढलेली. येणाऱ्याने लांबूनच रडत यायचं आणि त्याला मिठी मारायची.

"आपा," तो माणूस रडत होता. "माझी आपा."

तो आवाज ओळखायला एर्गेशला काहीच वेळ लागला नाही. स्वतःचा आवाज माणूस बाहेरून क्वचित ऐकतो, पण त्या रडण्यात बारीक शीळ होती.

मागचे लोक ढकलत होते. आलेला प्रत्येक जण असाच पुढे जात होता, म्हणून तोही गेला. रडू आणायची गरज पडली नाही. काठीवरचे हात सुटले आणि त्याच्या पाठीवर आले. काळपट हात, नखांत कोळसा. मिठी घट्ट होती, आईसाठी आलेल्या कुठल्याही परक्याला मारावी तशीच मायेची. टोपीच्या कडेखाली त्याला फक्त तोंड दिसलं. अर्धा तुटलेला दात. त्याच्या आजूबाजूचे ओठ तरुण नव्हते, म्हातारेही नव्हते. त्या तोंडाने त्याच्या कानाशी श्वास सोडला, आणि मिठी सुटून पुढच्या माणसाला मिळाली.

त्याला चौथऱ्यावर पाहुण्यांमध्ये बसवण्यात आलं. पाहुण्यांचं बघायला मामाशारीप होता. शेजारचा कोणी एर्गेशला सांगत होता, दुपारच्या नमाजानंतर नेलं, मुलानेच कबरीत उतरून ठेवलं. सकाळच्या विमानाने आला. उन्हाळ्यापासून सारखा येत होता म्हणे. नशीबवान बाई.

"आक्साकाल," एर्गेश म्हणाला, "मी एर्गेश."

म्हाताऱ्याने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, ऑगस्टात पाहिलं होतं तसंच. सोन्यावर त्याची नजर थांबली आणि ओळख पटल्यासारखी मान हलली.

"तुम्ही ऑगस्टात आला होतात," तो म्हणाला. "बाजारातले. एक दिवस येऊन गेलात." आणि मग, पाहुण्याला विचारायची रीत म्हणून, "लांबून आलात?"

एर्गेशने तोंड उघडलं. सांगण्यासारखं पुष्कळ होतं. पासपोर्ट खिशात होता. पण कोळसा भरला ना मी, हे वाक्य त्याचंच होतं, आणि माझं कोणी नाही, हेही.

"पंचेचाळीस मिनिटं," तो म्हणाला.

तेवढ्यात अनारकान तंबूतून बाहेर आली. चौथऱ्याजवळून जाताना तिचा पदर त्याच्या गुडघ्याला लागला. तिने वर बघितलं नाही. हातात पांढरं फडकं होतं. तंबूच्या दाराशी जाऊन तिने ते उघडलं. मुठीएवढा तुकडा उरला होता. "तुझाच आहे, आके," ती म्हणाली. "आता संपव. आता कुठे जायचंय तुला."

सगळं अंगण गप्प होतं, म्हणून तो आवाज शेवटच्या माणसापर्यंत गेला. वाळका नान दाढेखाली मोडला. एकदा. थांबून, आणखी एकदा. मग काही उरलं नाही.

मामाशारीपने लाल थर्मास पुढे ओढला. झाकणाला पोचा होता, विकला जाणार नाही म्हणून एर्गेशनेच तो घरी पाठवलेला. म्हाताऱ्याने एर्गेशचा पेला घेतला आणि ओतत राहिला, अर्ध्यापर्यंत, अर्ध्याच्या वर, अगदी काठापर्यंत. दोन्ही हातांनी, आदराने, पुढे केला.

एर्गेशने टोपी शोधली. ती डोक्यावरच होती. डोक्यावरून परतीचं विमान गेलं, पण म्हाताऱ्याने मान वर केली नाही.

दिलेला पेला ठेवून उठत नाहीत, म्हणून त्याने तो ओठांना लावला. चहा केव्हाच निवला होता.